किलोमीटरला तीन मिनिटं

मनगटावरचं घड्याळ उतरवा आणि खिशात टाका. इथे ते चालणार नाही. त्याला जागा सांगणारा एकही उपग्रह अजून आकाशात नाही. आज मंगळवार, १७ ऑगस्ट १९२०. तुम्ही बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये उभे आहात. महायुद्ध संपून दोन वर्षंही झालेली नाहीत. पावसाने ट्रॅक जड झालाय आणि प्रेक्षकांची बरीच बाकं रिकामी आहेत. जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी यांना आमंत्रणच नाही.

खिशात घड्याळाशेजारी घडी घातलेला एक कागद आहे. मुंबईच्या हायरॉक्समधला तुमचा निकाल. आठ वेळा एकेक किलोमीटर पळणं आणि प्रत्येक किलोमीटरनंतर एक कष्टाचं काम, अशी ती शर्यत. शेवटच्या किलोमीटरला तुमचे पाय लाकडाचे झाले होते आणि त्याचा दोष कुणाला द्यायचा हे तुम्ही घरी जातानाच ठरवून टाकलंय. तो कागद नंतर काढू. आधी समोरची शर्यत बघा.

५,००० मीटरची अंतिम फेरी. पांढऱ्या-निळ्या कपड्यांतला तो ताठ मानेचा, छाती पुढे काढून पळणारा फिनलंडचा पोरगा म्हणजे पाव्हो नुर्मी. वय २३, पहिलंच ऑलिंपिक. त्याला स्वीडनच्या पळणाऱ्यांची धास्ती आहे. म्हणून तिसऱ्या फेऱ्यात तो पुढे येतो आणि वेग वाढवतो. स्वीडिश मागे पडतात. बेत फळला असं वाटतं, पण एक बुटका फ्रेंच गडी काही केल्या सुटत नाही. त्याचं नाव जोसेफ गियमो. युद्धात विषारी वायूने त्याची फुफ्फुसं भाजलेली आहेत आणि त्याचं हृदय उजव्या बाजूला आहे. नुर्मी फेऱ्यामागून फेरे वारा अंगावर घेत पळतो आणि हा त्याच्या पाठीमागे सावलीत राहतो. शेवटच्या वळणावर गियमो बाहेरून निघतो. नुर्मीकडे उत्तर नाही. १४ मिनिटं ५५.६ सेकंद विरुद्ध १५ मिनिटं. जवळपास साडेचार सेकंदांनी हार. हे धरून तीन ऑलिंपिकमध्ये मिळून नुर्मी नऊ सुवर्णपदकं जिंकेल, पण फिनलंडबाहेरच्या माणसाकडून ऑलिंपिकमध्ये तो हरला ते आज, एवढ्या एकाच वेळी.

आता तोंडी हिशोब करा. ५ किलोमीटर, १५ मिनिटं. किलोमीटरला बरोब्बर तीन मिनिटं, ना एक सेकंद जास्त ना कमी. कागदावर किती देखणा आकडा! आणि हाच आकडा फसवा आहे. नुर्मीची तेव्हाची ख्याती सुरुवातीच्या फेऱ्यांत जाळ काढण्याची. तीन मिनिटांची ती सरासरी उधळपट्टी आणि उपासमार यांची मिळून बनलेली आहे. इथला ट्रॅकही ४०० मीटरचा नाही, ३९० मीटरच्या आसपासचा आहे. म्हणजे या गतीला एक फेरा साधारण ७० सेकंदांचा. प्रत्येक फेरा सत्तरचा धरला असता तर शेवटच्या वळणासाठी काही शिल्लक राहिलं असतं का? मैदानाबाहेर एकटाच चालत जाणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते विचारायला जाऊ नका. तो बोलणार नाही. तो कुणाशीच फारसं बोलत नाही, आणि या अबोलपणाचं पुढे जे कौतुक झालं ते मला थोडं जास्तच वाटतं.

तीन दिवस पुढे सरका. शुक्रवार, २० ऑगस्ट, १०,००० मीटर. बेल्जियमच्या राजाच्या इच्छेखातर शर्यत संध्याकाळी पाचऐवजी दुपारी पावणेदोनला घेतलीय आणि गियमो नुकताच भरपेट जेवून उठलाय. तेव्हा आजचा निकाल वाचताना त्याच्या पोटातलं जेवणही हिशोबात धरावं लागेल. तरीही नुर्मीकडे बघा. आज तो पुढे येत नाही. ब्रिटनचा जेम्स विल्सन आणि गियमो यांना पुढे जाऊ देतो, त्यांच्या मागे दडून फेरे काढतो आणि शेवटच्या वळणावर, जिथे मंगळवारी तो लुटला गेला होता तिथेच, हात साफ करतो. ३१ मिनिटं ४५.८ सेकंद. गियमो जेमतेम दीड सेकंदाने मागे, आणि रेषेपलीकडे त्याला भडाभडा उलटी होते.

इथे थोडं थांबू, कारण इथेच बहुतेक जण चुकीचा धडा घेतात. तीन दिवसांत नुर्मीचं हृदय मोठं झालं नाही, पायांत नवा जोर आला नाही. तीन दिवसांत फक्त डावपेच बदलता येतो, आणि त्याने तेवढाच बदलला. पराभवाचं विश्लेषण करताना दोन वेगळ्या वह्या हव्यात. एकीत पुढच्या आठवड्यात सुधारणाऱ्या गोष्टी आणि दुसरीत पुढच्या वर्षी. दोन्ही एकाच वहीत लिहिल्या की माणूस वर्षभराचं काम आठवड्यात उरकायला जातो आणि गुडघा धरून बसतो.

आता कागद काढा. मुंबईत, भारतातलं पहिलं हायरॉक्स मे २०२५ मध्ये झालं त्याच शहरात, तुम्ही पळालात. तुमचे आठ किलोमीटर असे आहेत: ४:३५, ४:५०, ५:२५, ५:३५, ५:४०, ५:३५, ५:५०, ६:३०. बेरीज ४४ मिनिटं, सरासरी साडेपाच. आणि गंमत बघा, आठांतला एकही किलोमीटर साडेपाचचा नाही. नुर्मीच्या तीन मिनिटांसारखीच ही सरासरीही कुणीच न पळालेली आहे.

तुमचं स्वतःचं निदान असं होतं की शेवटी दम संपला, म्हणून रोज शंभर वॉल बॉल (जड चेंडू भिंतीवर फेकणं) मारायचे, लंजेस वाढवायचे. खांद्यावर वाळूची पिशवी घेऊन १०० मीटर गुडघे टेकत गेल्यावर आठवा किलोमीटर साडेसहाचा झाला, हे खरंच आहे. तिथे ४० सेकंद गेले. पण नजर जरा डावीकडे न्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या किलोमीटरमध्ये ३५ सेकंदांची दरी आहे. त्या दोहोंच्या मध्ये काय होतं? स्लेज ढकलणं. पुरुषांच्या खुल्या गटात १५२ किलो, ५० मीटर. तिथून तुमची गती घसरली ती पुन्हा पाचच्या जवळपासही आली नाही. दुखणं आठव्या किलोमीटरला दिसलं, पण जडलं दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. आणि त्याचं बी पेरलं होतं त्याहीआधी, पहिल्या किलोमीटरला, जेव्हा गर्दीच्या आरडाओरड्यात तुम्ही स्वतःच्याच सरासरीपेक्षा ५५ सेकंद वेगाने सुटलात आणि वर धापा टाकतच स्लेजला हात घातलात.

तेव्हा वॉल बॉल राहू द्या. पहिला किलोमीटर सव्वापाचचा धरणं ही पुढच्या शर्यतीत लगेच करता येणारी गोष्ट. पहिल्या वहीत लिहा. दुसऱ्या वहीत लिहा: आठवड्यातून एकदा एक किलोमीटर ठरलेल्या गतीने, लगेच जड स्लेज, लगेच पुन्हा एक किलोमीटर; आणि बघायचं ते फक्त दुसऱ्या किलोमीटरचं घड्याळ. स्लेज वेगळी आणि पळणं वेगळं असा सराव करणाऱ्याला दोन्ही येतं, फक्त एकापाठोपाठ एक येत नाही. हॉलमधला फेरा नेमका किलोमीटरात बसवलेला असतोच असं नाही, तेव्हा दहा-पाच सेकंदांसाठी जीव काढू नका. अर्ध्या मिनिटाच्या उड्या शोधा.

जड ओझ्याचा विषय निघालाच आहे तर एक वर्ष मागे, १९१९ च्या फिनलंडमध्ये डोकावून या. नुर्मी सैन्यात आहे. २० किलोमीटरची लष्करी चाल, खांद्याला बंदूक, कमरेला काडतुसांचा पट्टा, पाठीवर वाळू भरलेली पिशवी. पळायची मुभा आहे. तो सगळं अंतर पळत काढतो आणि इतक्या लवकर पोचतो की अधिकाऱ्यांना वाटतं, याने मध्येच कुठूनतरी आडवाट धरली. आजच्या हायरॉक्सवाल्यांनी याला आपला पणजोबा म्हणायला हरकत नाही. त्याहीमागे तुर्कूच्या चढांवर बेकरीची जड हातगाडी ढकलणारा एक मुलगा दिसेल. सुताराचं पोर, बाप लवकर गेलेला, शाळा सुटलेली. पाठीचा आणि पायांचा जोर त्या गाडीने दिला असं तो पुढे सांगत असे. म्हणजे अँटवर्पला तो हरला ते ताकदीपायी नव्हे. ताकद ही त्याची सगळ्यात जुनी कमाई होती. जिथे आपण आधीच धट्टेकट्टे आहोत तिथेच आणखी घाम गाळत राहायचा मोह सगळ्यांना होतो, कारण तिथे कौतुक मिळतं.

परत अँटवर्पला या, रविवार २२ ऑगस्ट. आज मॅरेथॉन आहे आणि आज तुमची माणसं पळतायत. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले आणि त्यांच्याबरोबर सदाशिव दातार. हे इथे कसे आले त्याची मुळं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात आहेत. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तिथल्या स्पर्धांत शेतकऱ्यांची पोरं अनवाणी लांब पल्ल्याच्या शर्यती पळताना पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांशी ताडून बघितल्या आणि त्या फारशा मागे नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं. मग पदरचे पैसे घालून खेळाडूंना बोटीने पाठवलं. कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन कुस्तीगीरही याच चमूत आहेत. शिफारसपत्रांनी निवडी होण्याच्या काळात घड्याळ बघून झालेली ही निवड होती, हे विसरू नका.

आजचा रस्ता ४२.७५ किलोमीटरचा आहे. ऑलिंपिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅरेथॉन. हवा गार आणि दमट. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन, ज्याच्या १९१२ मधल्या विजयांनी नुर्मी पुन्हा पळण्याकडे वळला तोच, २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंदांत पहिला येतो. दुसरा फक्त १३ सेकंदांनी मागे. तुम्ही थांबून राहा. एकेक जण स्टेडियमच्या दारातून आत येतोय. एकोणिसावे चौगुले. २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद. टाळ्या वाजवून झाल्या की पुन्हा भागाकार करा: किलोमीटरला चार मिनिटं, तेही जेमतेम एका तृतीयांश सेकंदाच्या फरकाने. याच गतीने आजची ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन त्यांनी २ तास साडेअठ्ठेचाळीस मिनिटांच्या आसपास संपवली असती. आज मुंबई मॅरेथॉनला जाऊन कार्बनच्या तळव्याचे बूट घातलेल्या हजारोंना विचारा, ही वेळ मिळाली तर काय द्याल.

कोलेहमाइनेनशी तुलना केली तर किलोमीटरमागे २५ सेकंद कमी पडले. हे २५ सेकंद कुठे गेले? पहिल्या अर्ध्यात की शेवटच्या दहात? रस्ता अनोळखी म्हणून, थंडी अंगात भरली म्हणून, की सुरुवात जोरात झाली म्हणून? प्रशिक्षणाला दिशा देणारे हे प्रश्न आणि ते विचारून चार वर्षं त्याच माणसावर काम करणारी व्यवस्था असावी लागते. फिनलंडमध्ये क्लब होते, त्यात लाउरी पिहकालासारखे सरावाच्या पद्धतीवर विचार करणारे लोक होते. आपल्याकडे टाटांची हौस आणि पैसा होता. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये भारताकडून महादेव सिंग पळाले. चौगुले पुन्हा ऑलिंपिकला गेले नाहीत. गुण कमी होते असं म्हणायला चार मिनिटांचा तो आकडा आड येतो. पहिल्या शर्यतीच्या हिशोबावर दुसरी शर्यत बांधायची सोय नव्हती, हे माझं मत.

नुर्मीकडे ती सोय होती आणि जिथे नव्हती तिथे त्याने ती स्वतः केली. १९२१ ते १९२४ ही वर्षं भरभर ओलांडा, फक्त त्याच्या हातांवर लक्ष असू द्या. मुठीत स्टॉपवॉच आहे. सरावात आहे, शर्यतीतही आहे. रेषा ओलांडली की तळहाताकडे एक नजर, आणि पुढचा फेरा. गियमोच्या त्या साडेचार सेकंदांचं त्याने हे एवढं औषध काढलं: अंतरभर ताकद सारखी वाटून द्यायची आणि ती वाटली गेली का ते दर फेऱ्याला तपासायचं. शर्यत हा त्याच्यासाठी प्रयोग झाला. प्रतिस्पर्धी खांद्याला खांदा लावून चाललेत आणि हा आपल्या मुठीत बघतोय, याने समोरचे चिडायचे, खचायचे. १९२१ च्या जूनमध्ये स्टॉकहोमला १०,००० मीटर ३० मिनिटं ४०.२ सेकंदांत, म्हणजे अँटवर्पच्या सुवर्णपदकापेक्षा मिनिटाहून अधिक लवकर. पहिला विश्वविक्रम. पुढच्या वर्षी ५,००० मीटरचा. त्याच्या पुढच्या वर्षी मैलाचा, ४ मिनिटं १०.४ सेकंद. मैल, ५,००० आणि १०,००० हे तिन्ही विक्रम एकाच वेळी नावावर असणारा माणूस त्याच्याआधी झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही.

तुमच्या घड्याळात नाडीचे ठोके, पावलांची लांबी, झोपेची प्रत, रक्तातल्या प्राणवायूचा अंदाज असं बरंच काही दिसतं. नुर्मीकडे एकच काटा होता. पण त्या काट्याला विचारायचा प्रश्न ठरलेला होता. फरक तिथे आहे.

पॅरिसच्या वेळापत्रकात १,५०० आणि ५,००० मीटरच्या अंतिम फेऱ्या एकाच दिवशी, दोन तासांहूनही कमी अंतराने ठेवल्या आहेत. यावर उपाय काय? १९ जून १९२४ ला हेलसिंकीच्या एलाइनतार्हा मैदानावर चला. तो पूर्ण रंगीत तालीम करतोय. १,५०० मीटर ३:५२.६. साधारण तासाभराने ५,००० मीटर १४:२८.२. तालमीतच दोन विश्वविक्रम! खऱ्या शर्यतीतली अडचण जशीच्या तशी सरावात आणायची, ही गोष्ट त्याने त्या दिवशी करून दाखवली. तुमचं स्लेजनंतरचं किलोमीटर हे त्याच जातीचं.

१० जुलै १९२४, पॅरिस, कोलोंबचं मैदान. इथला ट्रॅक ५०० मीटरचा. १,५०० मीटर त्याने सहज मारलीय, ३:५३.६. आता ५,००० मीटर. फिनलंडचाच विले रितोला आणि स्वीडनचा एडविन विडे यांचा हिशोब साधा आहे: हा दमलेला असणार, तेव्हा सुरुवातीपासून पेटवून द्या. ते विश्वविक्रमाच्या गतीने सुटतात. नुर्मी मागे, मुठीत घड्याळ. मग एका क्षणी तो हात झटकतो आणि ते घड्याळ गवतावर जाऊन पडतं. आजचा सामना माणसांशी आहे हे त्याला कळलंय. विडे गळतो. शेवटच्या सरळ पट्ट्यात रितोला येतो, येत राहतो, आणि नुर्मी ०.२ सेकंदाने पुढे राहतो. १४:३१.२. चार वर्षं ज्याच्या जिवावर काढली ते यंत्र कधी टाकून द्यायचं हेही सरावानेच कळत असावं. नवख्याने मात्र हे अनुकरण करू नये. आधी चार वर्षं मुठीत धरावं.

दोन दिवसांनी क्रॉस कंट्री. उन्हाने पारा चाळीसच्या पुढे गेलाय. ३८ जण सुटतात, १५ पोचतात. एडविन विडेही वाटेत कोसळतो. नुर्मी जवळजवळ दीड मिनिटाच्या फरकाने पहिला.

एवढं सगळं करूनही हा माणूस पुढे, पळणं सोडून बराच काळ झाल्यावर, स्वतःच्या सरावाबद्दल असमाधानी होता. लांब आणि एकसुरी पळणं जास्त झालं, वेगाचं काम कमी पडलं, नंतरच्या पिढीतल्या चेक धावपटू झातोपेकला ते बरोबर उमगलं, असं त्याचं म्हणणं होतं. म्हणजे अँटवर्पच्या हिशोबातूनही एक रकाना सुटलाच होता. नऊ सुवर्णपदकं मिळवलेल्या माणसाला आपली वही अपुरी वाटली, हे तुमच्या कागदाकडे बघताना लक्षात असू द्या. तिसऱ्या किलोमीटरचं निदान मी केलं खरं, पण सहा महिन्यांनी नवा कागद हातात आल्यावर तेही पुन्हा तपासा.

एक शेवटची तारीख. पॅरिसमध्ये फिनलंडच्या अधिकाऱ्यांनी नुर्मीला १०,००० मीटरमध्ये उतरू दिलं नव्हतं. ती शर्यत रितोलाने विश्वविक्रमासह जिंकली. ३१ ऑगस्ट १९२४ च्या रविवारी, कुओपिओ या गावी, नुर्मी ते अंतर ३० मिनिटं ६.२ सेकंदांत पळतो. भागाकार तुम्हीच करा: किलोमीटरला तीन मिनिटं आणि वर अर्ध्या सेकंदाहून थोडं अधिक. १९२० मध्ये ५,००० मीटरला ज्या गतीने तो हरला, जवळजवळ त्याच गतीने आता दुप्पट अंतर. हा विक्रम १९३७ च्या जुलैपर्यंत टिकला. इल्मारी साल्मिनेनने तो मोडला तेव्हा फरक ०.६ सेकंदांचा होता.